जुन्या मंडईचे दगड

ओढ्यावरच्या पुलाशी मी पोचले तेव्हा ट्रॅक्टरची ट्रॉली निम्मी वर उचलली गेली होती. स्कुटी स्टँडवर लावायचंही भान राहिलं नाही, तशीच आडवी टाकली आणि ओरडले, "थांबा! खाली घ्या ती ट्रॉली!" ड्रायव्हरनं मान वळवून बघितलं, पण तोवर पाच-सहा दगड गडगडत खाली गेले आणि पिशव्यांनी तुंबलेल्या काळ्या पाण्यात जाऊन पडले. मी ट्रॉलीच्या मागं जाऊन उभी राहिले. आता आणखी दगड सोडायचे तर ते माझ्या अंगावर सोडावे लागले असते.

"गुत्तेदारानंच सांगितलंय हितं टाकायला," ड्रायव्हर म्हणाला.

"मी नगरपालिकेची इंजिनिअर आहे. इथं टाकायचं नाही."

"मग कुठं टाकू?"

"जिथून भरलंय तिथं परत न्या," मी म्हणाले. खाली उतरून त्यानं बिडी पेटवली, ती सावकाश संपवली आणि मग ट्रॅक्टर वळवला.

हे धाराशिव जिल्ह्यातल्या एका छोट्या शहरातलं. हमरस्ता गावाला लागून जातो, दिवसभर ट्रक चालू असतात आणि गाव वाढतंय ते सगळं त्या रस्त्याच्या दिशेनं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण यातली बहुतेक माणसं अजून तिथं रोज एकमेकांच्या समोर येतात. मी मूळची भूमची. नगरपालिकेत लागून मला तेव्हा नऊ महिने झाले होते. स्वस्थ बसणं मला लहानपणापासून जमत नाही. आई म्हणायची, हिला जेवतानासुद्धा एक पाय चपलेत लागतो. त्या दिवशीही ऑफिसात फाइल उघडून बसले होते आणि खिडकीतून ट्रॅक्टर जाताना दिसला. ट्रॉलीत काळे घडीव दगड होते. ते कुठले हे मला लगेच कळलं.

आमची जुनी भाजी मंडई पाडायला काढली होती. निजामाच्या काळातलं बांधकाम. तीन बाजूंना काळ्या दगडाच्या भिंती, वर सागवानी तुळया, त्यावर कधीतरी नंतर घातलेले पत्रे, आणि आत भाजीवाल्यांना बसायला शहाबादी फरशीचे ओटे. पिढ्यानपिढ्या माणसं बसून बसून त्या फरश्या मधोमध खोलगट झाल्या होत्या. छत दोन ठिकाणी खचलं होतं, म्हणून नवी मंडई मंजूर झाली. नव्या मंडईच्या अंदाजपत्रकात जुनीबद्दल एकच ओळ होती: अस्तित्वातील बांधकाम पाडून मलबा वाहून टाकणे.

ती ओळ मीच लिहिली होती. लिहिली म्हणजे मागच्या एका अंदाजपत्रकातून जशीच्या तशी उतरवली होती. आणि त्याच्या महिनाभर आधी मी पुण्याला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला जाऊन आले होते. तिथं पडद्यावर गोल फिरणारे बाण दाखवून चक्रीय अर्थव्यवस्था समजावली होती. शहर वाढवायचं म्हणून दर वेळी नवा डोंगर फोडायचा नाही. जे पाडतोय त्यातूनच नवं उभं करायचं, आणि उभं करतानाच ते पुढं कधी सुटं कसं करता येईल हे ठरवायचं. मला ते फार पटलं होतं. पटण्यात काही विशेष नव्हतं, आमच्या घरात हेच चालायचं. वडील एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. आमच्या न्हाणीचं दार म्हणजे लिलावात घेतलेला बसचा पत्रा होता. वहीत सगळं नीट उतरवून घेऊन मी परत आले, आणि टेबलावर बसून ती ओळ लिहिली. पुलावरून परत येताना हेच डोक्यात होतं. पाडकामाचं कंत्राट घेतलेल्या गुत्तेदाराचा राग येत नव्हता, तो माझ्या ओळीप्रमाणेच वागत होता.

मुख्याधिकारी साहेबांनी माझं ऐकून घेतलं. शांत माणूस. ते म्हणाले, "मॅडम, कल्पना चांगली आहे. पण जुन्या दगडाला दर कुठला लावणार? दरसूचीत जुना दगड नाहीच."

"मजुरीचा दर लावू सर. माल आपलाच आहे."

"आणि गुत्तेदार?"

"त्यांच्याशी मी बोलते."

"दोन आठवडे देतो," ते म्हणाले. "पाडकाम थांबवता येणार नाही. जे वेगळं काढता येतंय ते काढा, नवं ड्रॉइंग करा आणि माझ्याकडं आणा. नाही झालं तर ट्रॅक्टर पुन्हा सुरू."

ते दोन आठवडे मी कुठंही धड टेकले नाही. सकाळी सहाला मंडईत, दुपारी ऑफिसात, संध्याकाळी पुन्हा मंडईत. एका वयस्क मिस्त्रींना मी कामावर घेतलं. सत्तरीला आलेले, सडपातळ, कमी बोलणारे. ते एकेका दगडावर हातोडीनं हलकेच मारायचे आणि कान देऊन ऐकायचे. आवाज खणखणीत आला तर एका बाजूला, बद्द आला तर दुसऱ्या बाजूला. मी चुन्यानं खुणा करत त्यांच्या मागं फिरायचे. दगडांचा एक ढीग, फरश्यांचा एक, लाकडाचा एक, आणि विटांच्या तुकड्यांचा एक. रोज सकाळी ढीग थोडा कमी झालेला असायचा. फरश्या कुणाच्या तरी न्हाणीला जात होत्या, विटा कुणाच्या चुलीला. मी चिडायचे. मिस्त्री म्हणायचे, "जाऊ द्या वो म्याडम. वड्यात तर न्हाय ना गेलं."

सागवानी तुळया मात्र हातातून गेल्या. सरकारी लाकूड म्हटल्यावर लिलावच करावा लागतो असं निघालं. माझ्याकडं राहिले ते कुजक्या टोकांचे तुकडे.

खोलीवर आले तरी हात थांबायचे नाहीत. लॅपटॉप मांडीवर घेऊन ड्रॉइंग करायची, पुसायची, पुन्हा करायची. शेवटी एक झालं. छातीइतक्या उंच दगडी भिंती तीन बाजूंना, म्हणजे धूळ आणि डुकरं आत येणार नाहीत. मध्ये लोखंडी खांब, वर पत्रा, पत्र्याचं पाणी एका टाकीत. ओट्यांवर जुन्याच फरश्या. विटांचा चुरा जमिनीखाली भरावाला. एका कोपऱ्यात उरलेल्या भाजीपाल्याचं खत करायला चार खड्डे. नवीन म्हणून फक्त लोखंड, पत्रा आणि थोडं सिमेंट. मला ते ड्रॉइंग इतकं आवडलं की मी ते मोठ्या कागदावर छापून घेतलं आणि थेट भाजीवाल्यांकडं घेऊन गेले. मंडई पाडल्यापासून ते शाळेच्या मैदानाच्या कडेला बसत होते.

पंधरा-वीस जणं गोळा झाली. मी एकेक गोष्ट बोट ठेवून दाखवत होते. ओटे बघून माणसं खूश झाली. तेवढ्यात मागून एका मावशीनं विचारलं, "ही काळी काळी काय काढलंय कडंनी?"

साठीच्या आतबाहेरची बाई. मेथी, शेपू, करडई अशा पालेभाज्या घेऊन बसायची. लोहारा तालुक्यातल्या माकणीच्या बाजूच्या एका गावातून रोज पहाटेच्या जीपनं यायची.

"भिंत आहे मावशी. जुन्या मंडईच्याच दगडाची."

"दगडाची?"

"व्हय. अगदी मजबूत होणार. सिमेंटमध्ये."

तिनं पाटीवरचं ओलं पोतं सारखं केलं. मग म्हणाली, "मी न्हाय बसणार मग तितं."

मला वाटलं तिला नीट कळलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घालणार, म्हणजे भिंतीचे दोन पदर सुटणार नाहीत. मध्ये सळई घालून काँक्रीटचा पट्टा फिरवणार. जुनी मंडई इतकी वर्षं उभी होतीच की. मी बोलत होते आणि ती माझ्याकडं नाही, कागदाकडं बघत होती.

"आमची भिंतबी माझ्या सासऱ्यानं चांगलीच बांधली हुती," ती म्हणाली. "दोन हात रुंद हुती."

आणखी बायका बोलायला लागल्या. एक म्हणाली, मीबी बसणार न्हाय. मग दुसरी. एकूण अकरा जणी निघाल्या, सगळ्या त्या पट्ट्यातल्या गावांच्या. मी कागद गुंडाळला. जुन्या मंडईत या कशा बसत होत्या, असं मी तडकून विचारलंसुद्धा. एकीनं शांतपणे सांगितलं, "आमी आत कवा बसलो? आमी भाईरच बसतो, रस्त्याच्या कडंला." नऊ महिने मी रोज तिथून जात होते. त्या बाहेर बसतात हे बघत होते. आत जागा नसेल असं धरून चालले होते.

ऑफिसात परत आले तर बसवेना. जिने चढले, उतरले, चहा मागवला आणि प्यायले नाही. भूकंप मला माहीत होता. जिल्ह्यात कुणाला माहीत नाही? त्र्याण्णव साली लोहारा, उमरगा आणि पलीकडं लातूरकडची गावंच्या गावं एका पहाटे जमीनदोस्त झाली. पण आमच्या भूमकडं नुसती भांडी वाजली होती. मी तेव्हा जन्मले नव्हते. कॉलेजात तो आम्हाला एक धडा म्हणून होता: मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर मातीच्या माळवदाचं वजन, आणि त्यामुळं काय झालं. पेपरात त्यावर प्रश्न यायचा. मी उत्तर पाठ केलं होतं, आणि तेच उत्तर मी त्या बाईला ऐकवून आले होते.

संध्याकाळी मिस्त्रींना म्हणाले, "तुम्ही तरी समजावा. तुम्हाला माहीत आहे ही भिंत पडणार नाही."

मिस्त्री फरशीची माती खरवडत होते. "म्या बी तिकडचाच हाय म्याडम," ते म्हणाले. "भूकंपानंतर इंजिनिअर लोकांनी आमाला शिकवलं सगळं. लांब दगड घालायचा, पट्टा फिरवायचा. म्या शिकलो. दुसऱ्यांची बांधली बी. पर सोताच्या घराला गुडघ्याच्या वर दगड न्हाय लावला."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं न्हाय. आन तुमी लई घाईत हुता."

हातातली फरशी ढिगावर ठेवून त्यांनीच सुचवलं, "त्या बाईचं गाव बघून या एकदा. ती बोलून न्हाय सांगायची."

पुढच्या गुरुवारी मावशी बाजारात नव्हती, तेव्हा मी निघाले. तिच्या गावाकडं स्कुटीवर तासाभराचा रस्ता. दोन्ही बाजूंना तूर काढून रिकामी झालेली रानं, मध्येच ऊस. ती राहते ते पुनर्वसनाचं गाव. रुंद सरळ रस्ते, एकासारखी एक घरं, आणि घरांच्या मध्ये इतकी मोकळी जागा की हाक मारली तर शेजारच्याला ऐकू जाईल की नाही असं वाटावं. मावशी मला बघून चकित झाली नाही. "आलीस व्हय," म्हणाली आणि चहा टाकला. घराला लागून तिनं पत्र्याचा एक सोपा काढला होता. चूल तिथं, बाज तिथं. मागच्या पक्क्या खोल्यांत धान्य ठेवलेलं.

"आत झोपत नाही?"

"ल्योक-सून निजतेत. मला पत्र्यात बरं वाटतंय."

चहा झाल्यावर ती मला शेतात घेऊन गेली. शेत जुन्या गावाच्या जवळ. जुन्या गावावर आता वेड्या बाभळी माजल्या आहेत, आत शिरायला वाट नाही. तिकडं तिनं बघितलंही नाही. बांधावरून चालताना पायानं एकेक दगड दाखवत गेली. बांधाला रचलेले, काळे, एका बाजूनं घडीव. "हे आमच्या घराचं. ह्यो सोप्याच्या पायरीचा. ह्यो चुलीमागचा, बग अजून काळा हाय." विहिरीचं कडं त्याच दगडांचं. गोठ्यातली जमीन त्याच दगडांची. सरकारनं नवं घर दिल्यावर दोन उन्हाळे तिनं आणि तिच्या मालकानं बैलगाडीतून ते दगड वाहिले होते. मालक नंतर आजारानं गेला.

विहिरीजवळ एक मोठा सपाट दगड धुण्यासाठी ठेवला होता. त्याच्यापाशी ती थांबली.

"ह्यो दाराफुडचा," ती म्हणाली. "माझी लेक ह्याच्यावर बसून दात घासायची. सात वर्साची हुती. ती आन सासरा, दोघंबी."

ती खाली वाकली, दगडावरचा साबणाचा पांढरा थर नखानं खरवडला. "मालक म्हनायचा, ह्यो नको आनू. म्या म्हनलं, दगडाचा काय गुन्हा हाय? त्यो खाली ऱ्हायला तर चांगलाच हाय. त्याला डोक्यावर आपन चढीवला."

हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. ती हे बोलत होती आणि माझ्या डोक्यात आकडे सुरू झाले होते. भिंतीचे दगड सगळे खाली घेतले तर किती फरसबंदी होईल, गटारीला किती लागतील, ओट्यांच्या पायाला किती. तिथं, त्या विहिरीवर उभं राहून मी मनातल्या मनात घनमीटर मोजत होते. माझं मन कुठंच स्थिर राहत नाही, दुसऱ्याच्या दुःखापाशीसुद्धा नाही. निघताना तिनं मला करडईची एक जुडी दिली. मी ती घेतली आणि गावाबाहेर आल्यावर स्कुटी थांबवून आधी आकडे हातावर लिहून घेतले, मग बराच वेळ तशीच उभी राहिले.

दोन दिवसांत नवं ड्रॉइंग झालं. गुडघ्याच्या वर दगड कुठंच नाही. भिंतीऐवजी लोखंडी चौकटीत जुनेच पत्रे आणि मध्ये जाळी. दगड सगळा पायाखाली: आतली जमीन, बाहेर आठवडी बाजाराला बसायची मोकळी फरसबंदी, गटारीच्या दोन्ही बाजू. आणि मिस्त्रींच्या सांगण्यावरून फरसबंदी सिमेंटमध्ये नाही, वाळूत.

साहेबांनी ते बघितलं. "एका बाईसाठी ड्रॉइंग बदललं?"

"एका नाही सर, अकरा."

"बदलाचं कारण काय लिहिलंय?" त्यांनी चष्मा लावून वाचलं. मी लिहिलं होतं, वापरकर्त्यांच्या सुरक्षिततेच्या भावनेस्तव. त्यांनी पेन काढून 'भावनेस्तव' खोडलं, 'दृष्टीने' लिहिलं आणि सही केली. "भावनेला मंजुरी मिळत नाही," ते म्हणाले. थट्टा करत होते की नाही, मला अजून कळलेलं नाही.

गुत्तेदार कुरकुरला. त्याचंही खोटं नव्हतं. "म्याडम, नवी फरशी आणली तर आठ दिवसांत उरकतंय. ह्या जुन्या मालाला माणसं लागतेत, आन हात बसलेली माणसं आता ऱ्हायली कुठं?" मिस्त्रींनी त्यांच्या ओळखीचे चौघं आणले, सगळे साठीच्या पुढचे. ते दगड फिरवून फिरवून बघायचे, एकमेकांशी हुज्जत घालायचे, आणि दिवसभरात दोन खोल्यांएवढी जमीन व्हायची. मी घड्याळ बघत राहायचे. संक्रांत झाली. काम निम्म्यावर असताना साहेबांची बदली झाली. नवे साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, "पाडव्याला उद्घाटन. दगड असो की आणखी काही." मी मिस्त्रींकडं घाईघाईनं गेले. ते म्हणाले, "हुईल. पर तुमी इथं उभं ऱ्हाऊ नका. तुमी उभ्या ऱ्हायल्या की हात चुकतोय." मग मी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी राहून बघायला लागले.

पाडव्याला उद्घाटन झालं. नारळ फुटला, भाषणं झाली. मावशी आली नाही. त्या अकरा जणींतल्या सात जणी आल्या आणि सगळ्यांत कडेच्या ओट्यांवर बसल्या. मावशी तिसऱ्या दिवशी आली. पाटी डोक्यावर घेऊनच तिनं आत एक चक्कर मारली, पत्र्याकडं बघितलं, खांबाला हात लावला. मग मधला एक ओटा बघून पाटी उतरवली. मी झेरॉक्सच्या दुकानातून पळतच गेले.

"कसं आहे मावशी?"

"वटा उंच झालाय," ती म्हणाली. "चढताना गुडगा दुखतोय. एक पायरी करून दे."

पायरी करून दिली. पण तेवढ्यावर भागलं नाही. खताचे खड्डे पहिले दोन महिने छान चालले. मग त्यांत प्लास्टिक पडायला लागलं. झाडणाऱ्या बायकांना वेगळं काढायला वेळ नव्हता, आणि मी त्यांच्याशी आधी बोललेच नव्हते. वास सुटला. शेजारच्या दवाखान्यातून तक्रार आली आणि नव्या साहेबांनी खड्ड्यांवर लाद्या टाकायला लावल्या. मी भांडले, हरले. पावसाच्या पाण्याची टाकी भरली तशी लगेच रिकामी झाली, कारण तोटीच कुणीतरी काढून नेली. तोटी नवीन बसवली. तीही गेली. आता तिथं लाकडी बूच आहे, ते कुणी नेत नाही.

सगळ्यांत मोठी चूक मला चैत्र-वैशाखात कळली. आत पत्रा होता, वारा खेळायचा, तिथं ठीक होतं. पण आठवडी बाजाराला खेड्यांतून येणारे बाहेरच्या मोकळ्या फरसबंदीवर बसायचे. काळा दगड सकाळी दहालाच तापायचा. दुपारी त्यावर पाय ठेववत नव्हता. बायका पोती ओली करून खाली घालायच्या, ती अर्ध्या तासात वाळायची. एका रविवारी मी स्वतः पोतं न घालता तिथं बसून बघितलं. पाच मिनिटं बसले असेन. उठले तेव्हा मावशी आतून बघत होती.

"कागदावर ऊन न्हाय काढता येत व्हय?" तिनं विचारलं. ती टोमणा मारत नव्हती, खरंच विचारत होती.

"काढता येतं मावशी. मी काढलं नाही."

मिस्त्रींकडं गेले. ते घरी बाजेवर पडून होते, उन्हाळ्यात काम घेत नव्हते. सगळं सांगितलं. फरसबंदीत जागोजागी दगड काढून झाडं लावायची तर काय काय तोडावं लागेल, विचारलं.

"तोडायचं कशाला?" ते उठून बसले. "वाळूत हायेत. पहार घ्यायची आन उचलायचं. म्हणून तर शिमिट घालू दिलं न्हाय."

जूनमध्ये आम्ही सहा जागी दगड उचलले. सहा कुठले हे ठरवायला एक दुपार गेली. माझ्याकडं सूर्याचे कोन होते, कागदावर नीट मांडलेले. मावशीनं कागद बघितला नाही. ती भर दुपारी फरसबंदीवर उभी राहिली, हातात एक काठी घेतली आणि सांगायला लागली. "हितं नको, सावली त्या चप्पलवाल्याच्या दुकानावर पडल. जरा अलीकडं. हितं भूमकडचं खव्यावालं बसतेत, त्यांना दुपारी लागती सावली. हितं लाव." बाकीच्या बायकाही आल्या, वाद झाले. एकीला करंज हवा होता, एकीला कडुनिंब. चप्पलवाला सावली आपल्याला का नको म्हणून भांडायला आला. शेवटी तीन करंज आणि तीन कडुनिंब लावले. उचललेल्या दगडांचं प्रत्येक रोपाभोवती मिस्त्रींनी बुटकं कडं केलं. गुडघ्याच्या खाली.

दरम्यान शहरात आणखी एक जुनी इमारत पाडायला निघाली आहे. या वेळी अंदाजपत्रक माझ्याकडं यायच्या आधी मी जाऊन आत कोण बसतं, कोण बाहेर बसतं, हे विचारून आले. दोन वह्या भरल्या. अजून एकही रेघ काढलेली नाही. काढायला बसले की मध्येच उठते, काहीतरी विचारायचं राहिलंय असं वाटतं, आणि स्कुटी काढते.

मंडईतल्या सहा रोपांपैकी एक शेळीनं खाल्लं. त्या जागी दुसरं लावलं. बाकीची आता माझ्या खांद्याला लागतात. सावली पडायला अजून काही उन्हाळे जातील. तोवर वरून हिरवी जाळी ताणून बांधली आहे. वारा सुटला की तिचा एखादा कोपरा सुटतो, मावशी फोन करते, आणि मी बांधायला जाते.